खोक्यांच्या वाटेनं

कोल्ड रूम दुरुस्त करायला मी चार दिवस चोपड्याजवळच्या एका केळी पॅकिंगच्या शेडमध्ये होतो. तिथं साठीचा एक माणूस हौदात फण्या धुऊन, अंगठ्यानं पुसून खोक्यांत भरायचा. खोकी जिथं जायची, त्या बंदरांची नावं त्यानं पुठ्ठ्यावर लिहून ठेवली होती. दुबई, मस्कत, बसरा, थेट रशियापर्यंत. त्याला जगाची फेरी करायची होती आणि ती याच वाटेनं. पासपोर्टही काढून झाला होता. दुपारी बाकीची माणसं गोल करून जेवायची. हा हौदापलीकडे एकटा बसायचा आणि मी जवळ गेलो की विचारायचा, बसऱ्याहून पुढं बोट कुठं जाते.

शेवटच्या दिवशी मी त्याच्याजवळ बसलो. त्यानं भाकरी-ठेचा माझ्यापुढं सरकवला.

"पोट भरलंय," मी सवयीनं म्हणालो. मग विचारलं, "पण केळ्यांमागंच का फिरायचं, आबा?"

त्यानं भाकरी परत फडक्यात गुंडाळली.

"गावमा मन्हा हातनं कोनी खात नही, भाऊ. तठे सर्वा खातस."

माझा डबा अजून उघडायचाच होता.