एक वाजवायला, एक ठेवायला

बदलापूरच्या शंकररावांचा नियम साधा होता: कॅसेट घ्यायची तर दोन. एक वाजवायला, एक ठेवायला. वाजवायच्या होत्या त्या घासून, गुंतून केव्हाच संपल्या. ठेवायच्या मात्र शोकेसमध्ये, प्लास्टिकसकट, कुलपात. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेला साधा फिटर, पण त्या काचेसमोर उभा राहिला की थेट जमीनदार. घरात एवढी गाणी, आणि कानावर काय पडायचं? शेजारच्यांचा टीव्ही!

त्यांची बायको शालनताई. तिने इतकी वर्षं हे सोसलं. पण नातीचं नामकरण ठरलं तशी ती अडून बसली. भीमजन्माचा पाळणा लागलाच पाहिजे, शोकेसमधल्या कॅसेटमधला.

मुलगा धम्मदीप म्हणाला, "पप्पा, सीडी आणतो ना. एकीतच शंभर गाणी येतात."

"त्या थाळीला काय अर्थ आहे?" शंकरराव म्हणाले. "माझ्याकडे ओरिजनल आहे. कॅम्प चारमधून स्वतः पारखून आणलीय."

डुप्लिकेट मालाचा तो सिंधी बाजार, आणि तिथून ओरिजनल! धम्मदीपने खाली बघून हसू दाबलं.

नामकरणाला पाहुणे जमले. वंदना झाली. शंकररावांनी हात धुतले, ब्लेडने प्लास्टिक अलगद कापलं, कॅसेट लावली. आणि सुरू झालं सिंधी लग्नातलं गाणं, ढोलकासकट. दुसरी बाजू लावली, तर तिकडे नवरी सासरी निघालेली.

बायकांनी पदर तोंडाला लावले. ह्या गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या कॅसेटचं प्लास्टिक कधी फुटत नाही, हे दुकानदाराने बरोबर ताडलं होतं. पहिली वाजवून दाखवायचा आणि दुसरी पॅकबंद म्हणून काहीही खपवायचा. शंकररावांना तोंड कुठे लपवू असं झालं. जन्मभर राखलं ते हे.

शालनताईने टेप बंद केला, पाळण्याची दोरी हातात घेतली आणि स्वतःच गायला लागली. आवाज जरा फाटका, पण एक कडवं चुकलं नाही. सगळा पाळणा तिला पाठ होता, आणि इतक्या वर्षांत तिला कुणी गा म्हटलं नव्हतं. नात झोपून गेली. धम्मदीपने मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं.

जेवणं उरकल्यावर शंकरराव हळूच त्याच्याजवळ आले. "आईच्या गाण्याची कॅसेट करून मिळेल का रे?"

"मिळेल की."

"मग दोन कर," ते म्हणाले. शोकेसकडे बघत जरा थांबले. "दोन्ही वाजवायला."