जिन्यावर न घातलेला गालिचा

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच. कोणी हे वाचलंच, तर चुका सांभाळून घ्याव्यात. माणूस मात्र मी नीट पाहिलेला आहे.

"आधी हात, मग पाय," असं ते म्हणायचे. गालिचा उलगडला की त्यावर कोणाला पाऊल टाकू द्यायचे नाहीत. स्वतः उकिडवे बसायचे आणि गाभण गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा तळवा फिरवायचे. एकदा सुलटा, एकदा उलटा. लव कोणत्या अंगाला झोपते ते कळलं की मान हलवायचे. जिन्यावर ती खाली झोपली पाहिजे, नाहीतर गालिच्याला वर्षात टक्कल पडतं, असं त्यांचं म्हणणं.

लातुरात सगळे त्यांना फर्राशचाचा म्हणत. फर्राश म्हणजे बिछायत घालणारा. लग्नात जाजमं, कचेरीत सतरंज्या, मोठ्या घरांत गालिचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याला आपण कायम वाकलेलाच पाहिलेला असतो.

गालिच्याला ते पोर समजत. सुरकुती पडली की तिच्यावर रागवत, "सरळ नीज की गं, पाव्हणे येऊन राहिले." आमचे सासरे वहाणा घालून जवळ आले तर म्हणत, "शेठजी, गंजातला कचरा गंजातच ऱ्हाऊ द्या." गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सासऱ्यांची आडत होती आणि तिथं त्यांच्याशी असं बोलायची कोणाची छाती नव्हती. चाचांनी म्हटलं की मात्र ते हसून वहाणा काढत.

मी नवी सून होते. घरही नवं होतं, माडीचं, सागवानी जिन्याचं. निजामाचं राज्य संपत आलं होतं, पण ते आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक होतं? लुटालुटीच्या धास्तीनं गंज दिवस मावळायच्या आत बंद व्हायचा. कितीतरी घरांनी बायकापोरं निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीकडं धाडली होती. तहसीलदारसाहेब एकदा आपल्या माडीवर चहाला येऊन गेले, की आपल्या घराकडं कोणी वाकडा डोळा करणार नाही, असं सासऱ्यांनी मनाशी धरलं होतं. त्यासाठी त्यांनी औशाला एका जहागीरदाराच्या सामानाच्या हर्राजात बोली लावून लांबलचक, अरुंद गालिचा आणला. गुंडाळी उलगडूनही पाहिली नव्हती. जिन्याच्या मापाचा आहे, एवढंच पाहिलं.

साहेब शुक्रवारी येणार हा निरोप घेऊन कचेरीचा चपराशी आला, त्याच वेळी चाचा खाली अंगणात गुंडाळी उलगडत होते. चपराशी चहासाठी ओट्यावर टेकला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. गालिचा तांबडा, त्यावर एकाला एक लागून कमानी. मला तर देवळाच्या ओवऱ्याच वाटल्या.

चाचांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मग भराभर गुंडाळी करून म्हणाले, "कसर लागली हाय शेठजी. जिन्यावर टिकायचा न्हाई. मी घेऊन जातो, माझी सतरंजी घालतो."

सासरे म्हणाले, कसर कुठं आहे, दाखव. चाचांनी दाखवली नाही. सासऱ्यांचा आवाज चढला. जहागीरदाराचा माल बघून नियत फिरली, असं म्हणाले. शेवटी चपराशासमोर म्हणाले, "चोर आहेस तू."

चाचांनी गालिचा खांद्यावर घेतला आणि ते मागच्या दारी आले. माझ्याकडं पाणी मागितलं. ओंजळीनं प्यायले आणि हळूच बोलले.

"बेटा, ती नमाजाची जागा हाय. एकेका कमानीत एकेक माणूस उभा ऱ्हातो. साहेब बूट घालून चढले असते त्याच्यावरून. चपराशी गेल्यावर सांग शेठजींना. तवर मी चोरच बरा."

सासऱ्यांसमोर मी तोवर तोंड उघडलं नव्हतं. चपराशी गेल्यावर सासूबाईंच्या पदराला धरून सगळं बोलले. सासऱ्यांनी उठून दाराला आतून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी ते चाचांकडं गेले. गालिचा मशिदीत पोचला होता. झालं ते झालं, पैसे राहू दे, असं सासरे म्हणाले. चाचा ऐकेनात.

"फुकट घेतला तर मी खरंच चोर झालो. चोरीच्या गालिच्यावर नमाज होत न्हाई, शेठजी. बोली केवढ्याची होती ते सांगा."

साहेब आले, साध्या सतरंजीवरून चढले, चहा पिऊन गेले. पण चोर हा शब्द चपराशानं गंजभर केला होता. तो मागं घ्यायचा तर कारण सांगावं लागणार, आणि नमाजाचा गालिचा पायाखाली घालणार होतो हे कारण सांगितलं तर घर उरलं नसतं. सासरे गप्प राहिले. चाचांना लग्नाची कामं मिळेनाशी झाली. तरी दर बाजारानंतर ते मागच्या दारी यायचे, पंच्याच्या गाठीतले निजामी हाली सिक्क्याचे रुपये गालिच्याचा हप्ता म्हणून माझ्या हातावर ठेवायचे. सासरे त्या वेळी माडीवर जाऊन बसत.

मग राज्य गेलं. हिंदुस्थानच्या फौजा आल्या, आणि भिण्याची पाळी चाचांच्या गल्लीवर आली. सासरे गाडी जुंपून त्यांना आपल्या घरी आणायला गेले, तर दाराला कुलूप. हदगावला लेकीकडं गेले, असं शेजारणीनं सांगितलं. आता सासऱ्यांना बोलायला भीती नव्हती. ते गादीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गालिच्याची हकीकत सांगू लागले. लोक सुपारी कातरत ऐकत आणि भाव विचारत. त्या दिवसांत चाचांसारख्या माणसाबद्दल चांगलं ऐकायला कोणाला नको होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मागच्या दारी एक म्हातारी बाई उभी राहिली. बुरखा धुळीनं मळलेला. चाचांच्या बीबी होत्या त्या. हदगावाहून मिळेल त्या गाडीनं आल्या होत्या. चाचा हिवाळ्यातच गेले, म्हणाल्या. पाणी प्यायच्या आधी त्यांनी रुपये बांधलेल्या रुमालाची गाठ सोडली.

सासरे बाहेर आले. हात जोडून म्हणाले, "हे नको, माय. मीच त्यांचं देणं लागतो."

"तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "त्यांचं मला पुरं करू द्या. गालिचा अजून मशिदीचा झाला न्हाई, असं म्हणत गेले ते."

सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात पुढं केले आणि ते रुपये घेतले. बाकी राहिलेला शेवटचा रुपयाही त्यात होता. पैसे पुरते फिटले.