‘हं’ म्हणजे ‘हो’ नव्हे

टाचणीताईचं खरं नाव बँकेच्या पुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. बावीस वर्षं ती लोकांचे कपडे शिवत होती, आणि काम करताना तिच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या असायच्या. त्यामुळे गिऱ्हाइकांनी काहीही विचारलं तरी तिच्याकडून एकच उत्तर निघे, "हं." पैसे पुढच्या आठवड्यात दिले तर चालतील ना? हं. बाही जरा आखूड करून द्याल, त्याचे वेगळे नाही ना घेणार? हं. लोक मोठे हुशार, त्या "हं"चा आपल्याला परवडेल तो अर्थ काढून घरी जात. ताई मागून टाचण्या काढून चरफडत बसे, पण तोवर गिऱ्हाईक कोपऱ्यावर पोचलेलं असे.

हा सगळा उद्योग चाले एका घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत. खोलीला खिडकी नव्हती, माप द्यायला आलेली बाई पडद्यामागे उभी राही आणि तिचं कोपर शेगडीला लागे. म्हणून मोठ्या रस्त्यावरचा एक गाळा भाड्याने निघालाय हे कळलं तेव्हा ताईची दोन दिवस भूक उडाली. पुढे पूर्ण काच, वर झोपण्यापुरता माळा. गाळेवाल्याने अनामत मागितली चाळीस हजार. जुन्या खोलीचीही घरमालकाकडे बरोबर चाळीस हजारच अडकली होती. इकडून घ्यायची, तिकडे द्यायची, इतकं ते सोपं होतं. मुदत होती शनिवारी दुपारी दोनची. त्यानंतर गाळा एका ज्यूसवाल्याला जाणार होता.

आणि इथे विजेचं बिल आडवं आलं. गेले पाच महिने ते एकदम सहापट येत होतं. ताई नेहमीचे भरत राहिली आणि वरचे साचत साचत बत्तीस हजार झाले. वरच्या मजल्यावर राहणारे घरमालक काका म्हणाले, तुम्ही शिवणयंत्राला मोटर बसवलीत ना, तीच वीज खाते. ताईला ते पटलंसुद्धा, कारण मोटर खरोखरच पाच महिन्यांपूर्वीची होती. बिचारीने पट्टा काढून टाकला आणि पुन्हा पायाने यंत्र हाकायला लागली. गुडघे दुखायला लागले, पण बिल काही हलेना. मग गेल्या आठवड्यात काका दारात येऊन म्हणाले, हे बत्तीस हजार मी अनामतीतून कापून घेतो, चालेल ना? ताई एका नवरीच्या खांद्याला टाचण्या लावत होती. नीट न ऐकताच ती म्हणाली, "हं."

शनिवारी एक वाजेपर्यंत सामान टेम्पोत चढलं आणि काकांनी आठ हजार पुढे केले. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. वर काका शांतपणे म्हणाले, तुम्हीच हो म्हणालात. गंमत अशी, की ताई आपल्या शब्दाला फार जपणारी. तोंडातून गेलं ते गेलं, असं तिला मनापासून वाटे. ती ते आठ हजार घेऊन निघालीसुद्धा असती, पण सामान हलवायला तिच्या विहीणबाई आल्या होत्या.

या विहीणबाई म्हणजे ताईच्या मुलीच्या सासूबाई. वीज कंपनीच्या तक्रारीच्या खिडकीवर तेवीस वर्षं बसून नुकत्याच निवृत्त झालेल्या. काचेपलीकडच्या रांगेला ऐकू जावं असं बोलायची सवय, ती काच गेली तरी सुटली नव्हती.

"हं म्हणजे हो नव्हे," त्या म्हणाल्या. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. "विहीणबाई, तुम्ही जरा आत जाऊन मेन स्विच पाडा. आणि काका, तुम्ही या माझ्याबरोबर."

जिन्याखाली मीटर होते. ताईने रिकाम्या खोलीत जाऊन स्विच पाडला आणि धावतच बाहेर आली. आता खोलीत दिवा नाही, पंखा नाही, यंत्र टेम्पोत. आणि तिच्या मीटरवरचा लाल ठिपका आपला लुकलुकतोय, लुकलुकतोय, घाईघाईने, मागे कुणी लागल्यासारखा. टेम्पोवालासुद्धा विडी विझवून बघायला आला.

विहीणबाईंनी विचारलं की रिकाम्या खोलीत कोण जेवतंय? काका म्हणाले, मीटर बिघडला असेल. त्यावर विहीणबाईंनी पदर खोचला आणि मीटरखालचा फ्यूज खेचून काढला. ठिपका विझला. आणि लगेच वरून काकूंचा आवाज आला.

"अहो, एसी बंद पडला!"

आता हा एसी काकांचा फार लाडका. पाच महिन्यांपूर्वी घेतलेला. जिन्यात भेटेल त्याला थांबवून ते सांगत, काय यंत्र आहे, दिवसभर चालवा, वीज म्हणून खातच नाही. खाईल कशी? बसवणाऱ्याने वायर ताईच्या लाइनला जोडली होती आणि तो बिनबोभाट ताईचं खात होता. काका लबाड नव्हते, त्यांचा खरोखरच त्या यंत्रावर विश्वास होता. त्यांचा चेहरा असा उतरला की ताईला त्यांची दया आली.

आणि ही दयाच तिला नडणार होती. काका सावरून मऊ आवाजात म्हणाले, झालं ते चुकून झालं, घरात आत्ता वीसच आहेत, उरलेले पुढच्या महिन्यात देतो. चालेल ना, ताई? विहीणबाईंनी ताईकडे पाहिलं. हे उत्तर त्यांचं नव्हतं. दीड वाजून गेला होता. ताईच्या घशापर्यंत "हं" आला, सवयीने, आणि तो तिने गिळला.

"नाही," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "चाळीस हजार, काका. आत्ता. मला दुकान घ्यायचंय."

काकू जिन्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की काका बाजूला झाले. मग त्या वर गेल्या आणि आपल्या कपाटातले वीस हजार घेऊन खाली आल्या.

टेम्पोवाल्याने त्या दिवशी टेम्पो हाकला नाही, पळवला. दोनला सात मिनिटं कमी असताना ताई गाळेवाल्यासमोर उभी राहिली, धापा टाकत. ज्यूसवाला आधीच येऊन काचेची लांबी पावलांनी मोजत होता. गाळेवाल्याने नोटा घेतल्या आणि किल्ली ताईच्या हातावर ठेवली. ताईला हसू आवरेना. यंत्र काचेजवळ ठेवलं, मग आत ठेवलं, मग पुन्हा काचेजवळ आणलं. बाहेरून जाणारी माणसं आत बघत होती आणि ताई त्यांच्याकडे बघत होती.

सगळं लागल्यावर विहीणबाईंनी पिशवीतून निळं कापड काढलं आणि यंत्रावर ठेवलं. मुलांच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत त्यांनी ताईकडे एक बटणसुद्धा लावायला दिलं नव्हतं. आपलं काम त्यांना आवडत नसणार, असं ताई धरून चालली होती आणि मनातल्या मनात झुरत होती.

"घरी दिलं असतं तर तुम्ही पैसे घेतले असते का?" विहीणबाईंनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "म्हणून थांबले होते. आता दुकान आहे. शिलाई किती, ते आधी सांगा."

ताईने डोळे पुसले, टेप गळ्यात टाकला आणि भाव सांगितला. पूर्ण सांगितला.