खायची ओळ

मी माझ्या सख्ख्या बहिणीला जी द्राक्षं पाठवली, ती मी स्वतः खाल्ली नसती. हे वाक्य सरळ लिहायला मला बराच वेळ लागला. आधी मी ते फिरवून फिरवून लिहून पाहिलं. घाईत चूक झाली, गड्यानं घोटाळा केला, पावसानं सुचू दिलं नाही. यातलं काहीच खरं नाही. पेटी मी माझ्या हातानं भरली होती.

आमची बाग तासगावच्या बाजूला आहे. या भागात द्राक्षं लावणाऱ्या बऱ्याच घरांत एक खायची ओळ राखतात. घराजवळची नाहीतर विहिरीकडेची, थोड्याशा वेलींची. मणी पिकून गोडी भरायला लागली की तिच्यावर औषध मारायचं थांबवतात. तिचे घड लहान राहतात, मण्यांवर डाग पडतात, वटवाघळं नासधूस करतात. पण घरातली पोरं, बाळंतपणाला आलेली लेक आणि जवळचे पाहुणे यांना तिथलीच द्राक्षं मिळतात. उरलेली सगळी बाग बाजाराची. हे कुणी बोलून दाखवत नाही. पाहुण्याला बाग दाखवताना आम्ही सहज म्हणतो, "हिकडची खावा, ही गोड हाईत." गोडीचा त्यात काही संबंध नसतो.

टॉक्सिक हा इंग्रजी शब्द मी औषधांच्या डब्यांवरून शिकलो. प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. औषधाच्या दुकानात कंपनीचा माणूस हे समजावून सांगायचा आणि तो शब्द दर दोन वाक्यांनी वापरायचा. माझ्यासाठी त्या शब्दाला वास होता. कुजलेल्या लसणासारखा, डोक्यात चढणारा. फवारणी करून आल्यावर साबणानं कितीदा हात धुतले तरी भाकरीच्या घासाला तो लागतो. ती भाकरी मग कुत्र्याला जाते.

त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मला मुलीनं शिकवला. ती पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा तिचा साहेब टॉक्सिक होता, मैत्रिणीची सासू टॉक्सिक होती, एक आख्खं ऑफिसच टॉक्सिक होतं. मी विचारलं, माणूस कसा टॉक्सिक असेल? ती म्हणाली, ज्याच्याजवळ राहिलं की आपण कळत नकळत आजारी पडत जातो, तो. मी म्हटलं, मग पाहुण्यारावळ्यांनाही त्रिकोण चिकटवले पाहिजेत. बायको आतून म्हणाली, "लाल तेवढा आधी स्वतःच्या कपाळाला लावा." आम्ही तिघंही हसलो.

मला तो अर्थ फार आवडला. मराठीत कुणाला विषारी म्हटलं तर भांडण होतं. इंग्रजीत म्हटलं की आपण शिकलेले वाटतो आणि दोष आपोआप समोरच्याच्या अंगाला चिकटतो. या सोयीची मला आज किळस येते, पण तेव्हा ती सोयच वाटली.

संक्रांतीनंतर आक्का आली. ती माझ्याहून मोठी, वाईला दिलेली. दरवर्षी बागेच्या दिवसांत चार-आठ दिवस येते. आली की घरात फिरते आणि बोलत राहते. फवारणीचा शर्ट घरच्या कपड्यांत का धुतला? औषधाचे डबे धान्याच्या पोत्यांशेजारी का? बायकोला ते पटायचं. मला टोचायचं. त्या दिवशी विहिरीच्या मोटारीजवळ तिला औषधाचा रिकामा निळा कॅन दिसला. विसळून बायका त्यातून प्यायचं पाणी नेत होत्या. आमच्याकडे हे सर्रास चालतं. कॅन मजबूत असतो, फेकवत नाही. आक्कानं विळा घेतला आणि कॅनच्या बुडाला दोन भोकं पाडली. बागेत घडांवरची पानं काढायला आलेल्या बायका बघत होत्या.

"म्हशीला तरी दावशील का रं ह्यातलं पाणी?" ती म्हणाली.

एक बाई फसकन हसली. मी मालक आणि माझ्याच बांधावर मला गप्प केलं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. ती बरोबर बोलते आहे हे मला कळत होतं. म्हणूनच राग जास्त होता.

संध्याकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक चित्र टाकलं. उगवता सूर्य आणि खाली मजकूर की टॉक्सिक माणसांना आयुष्यातून वजा करा. ते कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळलं. चुलतभावानं हसरा चेहरा टाकला. आक्का दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं वाईला गेली. मी तिला स्टँडवर सोडायलाही गेलो नाही.

पुढच्या महिन्यात माल उतरायला आला आणि अवकाळी पाऊस झाला. घडांत पाणी साचलं, मणी तडकले, सडक्या रसाचा आंबूस वास बागभर पसरला. वेलीखाली गेलं की चिलटं नाकातोंडात जायची. हात घातला की बोटं चिकट आणि काळी. आख्खं वर्ष नासतंय असं वाटून मी औषध मारलं. औषध मारल्यावर ठरावीक दिवस माल तोडायचा नसतो, हे त्या डब्यावरच लिहिलेलं असतं. मी मारलं, आणि व्यापारी येईल तशी तोड सुरू ठेवली. मी एकटाच नव्हतो, पण हे काही कारण झालं नाही.

त्याच धांदलीत पेट्या पाठवायची वेळ आली. बागवाल्याच्या घरून हंगामात बहिणीला पेटी जातेच. नाही गेली तर भांडण झाल्याचं साऱ्या पाहुण्यांना कळतं. खायच्या ओळीत पावसानं थोडेच घड राहिले होते आणि माझी मुलगी येणार होती. एक पेटी निघाली असती, नाही असं नाही. मी पेटी घेऊन ओळीपाशी थांबलो आणि पुढे गेलो. रस्त्याकडेच्या ओळीत परवाच फवारणी झाली होती. तिथले मोठे, देखणे घड मी कात्रीनं तोडले आणि कागद घालून नीट रचले. त्या वेळी मनात काय होतं ते सांगितलंच पाहिजे. मनात होतं, हिला औषधातलं लय कळतंय ना, खाऊ दे.

ओळखीच्या टेम्पोवाल्यानं पेटी साताऱ्यापर्यंत नेली. तिथून दाजी घेऊन गेले.

दोन दिवसांनी ग्रुपवर फोटो आला. आक्काची नात, नुकतीच बसायला लागलेली, मुठीत एक मणी. हनुवटीवरून रस ओघळून झबल्यावर आलेला. खाली आक्काच्या सुनेनं लिहिलं होतं, मामाआजोबांची द्राक्षं. सगळ्यांनी लाल बदाम टाकले. मी अंगठा टाकला.

अंगठा टाकून मी बागेत गेलो. रस्त्याकडेच्या त्याच ओळीतला घड घेतला. मण्यांवर पांढरट ओघळ सुकलेले होते. एक मणी तोंडात घातला. मला तो चावता आला नाही. जीभ मागे सरली. मणी गालात धरून मी थोडा वेळ उभा राहिलो, मग थुंकलो, मोटारीवर जाऊन चुळा भरल्या आणि तरी तो वास गेला नाही. इतकी वर्षं त्या वासाची किळस मला औषधामुळे येत होती. त्या दिवशी ती माझी मलाच आली. मुलीनं सांगितलेला अर्थ मी मनात पुन्हा म्हटला आणि तो कुणाला लागू पडतो हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

तरीही मी खरं बोललो नाही. संध्याकाळी आक्काला फोन केला आणि द्राक्षं कशी आहेत म्हणून विचारलं. ती म्हणाली, लय गोड हाईत, शेजारणींनाबी वाटली. मग म्हणाली की बाळाला सकाळपासून जुलाब होतायत, दोनदा ओकली पण. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "दात येत असतील, आक्का."

"व्हय, आसंल," ती म्हणाली.

ते दातांमुळे होतं की द्राक्षांमुळे, हे मला आजही माहीत नाही. दोन-तीन दिवसांनी बाळ बरं झालं. बरं झालं नसतं तर मी काय केलं असतं, या प्रश्नापुढे मी जात नाही. जेवताना मात्र त्या काळात माझी अर्धी भाकरी ताटातच राहायची. बायकोनं विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती माझं ताट उचलून आत गेली, आणि दाराशी वळून म्हणाली की वाईला जाऊन या.

मी गेलो. सांगलीहून कऱ्हाड, सातारा, मग वाई. सोबत काही नेलं नाही. बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं, पण माझ्या हातातलं तिनं काही घ्यावं असं मला वाटेना.

आक्का मागच्या पडवीत मेथी निवडत होती. सुनेनं पाणी दिलं. आक्कानं बागेची चौकशी केली, मी हो-नाही करत राहिलो. मग तिनंच विषय काढला, हळू आवाजात. "त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मी हिला इचारला. हिनं सांगितला, पण निम्माच. मला वाईट वाटू नये म्हणून."

मी म्हणालो, "आक्का, पेटी खायच्या ओळीतली नव्हती."

तिला लगेच कळलं. ती बागायतदाराचीच लेक आहे. तिचे हात मेथीत थांबले. तिनं विचारलं, औषध कधी मारलं होतं. मी सांगितलं. ती म्हणाली, धुऊन दिली होती आम्ही. आणि मग मेथी बाजूला सारली.

"तू खाल्लीस त्यातली?"

"न्हाई. तोंडात घातला एक. थुकला."

"आणि बाजारात गेली ती?"

"त्याच ओळींची."

"ती कुणाची पोरं खात्यात रं?"

मला वाटलं होतं ती ओरडेल, मग मी पाया पडेन, आणि मग चहा येईल. तसं झालं नाही. मी तिच्या पायांकडे वाकलो तसे तिनं पाय मागे घेतले.

"माझ्या पाया पडू नगंस. मी मोठी हाय, मी घीन सोसून. हिला सांग. पोर हिची हाय."

सून दारात बाळाला कडेवर घेऊन उभी होती. माझ्याहून निम्म्या वयाची. आमच्यात मामेसासरा सुनेपुढे हात जोडत नाही. मी उठलो. पलीकडच्या पडवीतून शेजारीण बघत होती, तिनंही ती द्राक्षं खाल्ली असणार.

मी हात जोडले आणि म्हणालो, "पोरी, औषध मारलेली द्राक्षं मी जाणूनबुजून पाठवली. आक्काचा राग हुता म्हणून. बाळ आजारी पडलं तवा मला शंका आली हुती, तरी दात येत असतील म्हणून मीच सांगितलं. माझं चुकलं. मला माफ कर."