हिराकाकींची तीर्थयात्रा

हिराकाकी देवाला फार वेळ अडकवून ठेवत नसत. हात जोडायचे, कपाळ टेकवायचं आणि मागे वळून मला विचारायचं, "बाय, इथला बाजार कंच्या बाजूला हाय?"

पनवेलला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये त्या मुलाकडे राहायच्या. मूळच्या बेलपाड्याच्या. निम्मं आयुष्य पनवेलच्या बाजारात भाजी विकण्यात गेलेलं. पुढे शेतावर इमारती उभ्या राहिल्या, मुलगा सुरेश बिल्डर झाला आणि आईचं टोपली घेऊन रस्त्यावर बसणं त्याच्या गाडीला शोभेनासं झालं. मग तो तिला मोठ्या मातृभक्तीने यात्रेच्या बसमध्ये बसवू लागला. सोबतीला मी, कारण मी निवृत्त, एकटी आणि त्याच्या मते रिकामी.

मदुरैच्या देवळात गाइड भारावून सांगत होता, "हा अख्खा खांब एकाच दगडातून कोरलाय!" आमची मंडळी खांबाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. प्राचीन शिल्पकलेबद्दल एवढा आदर मी क्वचितच पाहिलाय. काकी म्हणाल्या, "आमचा पाटा पन एकाच दगडाचा. त्याला कोन बगाया येत नाय." थोड्या वेळाने पाहते तर काकी गायब.

यात्रेच्या मॅनेजरने आधी ही जबाबदारी आपली कशी नाही ते समजावलं, मग शोधायला निघाला. मागोमाग मी. काकी सापडल्या देवळाबाहेरच्या मंडईत. एका भाजीवालीच्या जागेवर मांडी घालून त्या खणखणीत आगरीत तमिळ गिऱ्हाइकाला दम देत होत्या, "वांगी दाबू नको, घ्यायची तर घे!" भाजीवाली तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन दवाखान्यात गेली होती.

"तिची भाषा तुम्हाला कशी कळली?" मी विचारलं.

"पोर कडेवर, डोल्यात पानी. आनखी काय कलाया पायजे?"

मॅनेजरने तेवढ्यात सुरेशला फोन लावला. स्पीकरवर तो ओरडला, "आई, तिकडेही माझी इज्जत घालवलीस?" एरवी तोंडाला तोंड देणाऱ्या काकी खाली बघून वांगी रचत राहिल्या. भाजीवाली परतली, तिने त्यांचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले, तेव्हा मात्र त्या रडल्या. बसमध्ये म्हणाल्या, "किती दिसांनी कुनाच्या तरी कामाला आले मी."

परतल्यावर आठवड्याच्या आत काकी पनवेलच्या बाजारात जाऊन बसल्या. समोर माठाच्या जुड्या, वालाच्या शेंगा. मी भाजी घेत असतानाच सुरेशची गाडी येऊन थांबली. काच जेमतेम खाली करून तो म्हणाला, "आई, घरी चल. लोक बघतायत."

काकींनी माठावर पाणी शिंपडलं. "बगू दे. गाडी जरा म्होरं घे, गिऱ्हाईक अडतंय."

मागे रिक्षावाले भोंगे वाजवत होते. सुरेशने गाडी पुढे घेतली.

गेल्या वर्षी काकी गेल्या. दुपारपर्यंत चौकात फलक लागला, 'धर्मपरायण मातोश्री'. बाजारातल्या बायका मात्र सकाळीच धंदा बंद ठेवून आल्या होत्या आणि चकचकीत फरशी बघून जिन्यातच थबकल्या होत्या. सुरेश बाहेर आला. रडून त्याचा आवाज बसला होता.

"आत या," तो म्हणाला. "माज्यापेक्षा तुमचीच जास्त व्हती ती."