स्थळाच्या चौकशीतलं गाळलेलं वाक्य

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात रवींद्र सबनीसांना सगळे 'डिटेक्टिव्हसाहेब' म्हणत. गणपतीच्या पॉटलकला, घरोघरचे डबे एकत्र मांडले की, ते ताट घेऊन उभे राहत आणि कुणीतरी हटकून ओरडे, "साहेब, मोदकांचा डबा कुणी पळवला, शोधा की!" तेही हसत. बावीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या सीटखालचे सेन्सर तयार केले. कंपनीने घरी बसवल्यावर एका तपास संस्थेत तीन वर्षं उमेदवारी केली आणि पन्नाशीत खासगी तपासनिसाचं लायसन्स काढलं. काम तसं बेताचंच. विम्यासाठी पाठदुखीचं सोंग करणारे पकडायचे, नाहीतर आपल्या लोकांच्या स्थळांची चौकशी करायची. खुनाशी कधी गाठ पडली नव्हती.

मार्चमध्ये रत्नाताई कर्णिकांचा फोन आला. त्यांची मुलगी अबोली फेब्रुवारीत नवऱ्याबरोबर मिशिगनच्या पार उत्तरेकडच्या जंगलात, भाड्याच्या केबिनमध्ये राहायला गेली होती. सकाळी ती एकटी फिरायला गेली आणि वाट चुकली, असं नवरा ऋषी म्हणाला. तीन दिवसांनी ती बर्फात सापडली, पायात नुसते मोजे. थंडीने भ्रमिष्ट झालेला माणूस बूट काढून टाकतो, असं म्हणून तिथल्या पोलिसांनी, शेरीफच्या ऑफिसने, अपघाताची नोंद केली होती.

"गाडी माझ्याकडे परत आलीय, रवीभाऊ. दोघींच्या नावावर आहे ना," रत्नाताई म्हणाल्या. "तिचे बूट डिकीत आहेत. बूट डिकीत ठेवून कोण फिरायला जातं हो? तुम्हीच आमचं स्थळ बघितलं होतंत. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?"

रवींद्रांना फोन कानाशी धरवेना.

तीन वर्षांपूर्वी ऋषीची चौकशी त्यांनीच केली होती. कबीर नावाचा त्याचा जुना रूममेट फोनवर म्हणाला होता, "काका, तो चिडला ना, की माणसाला बाहेर काढून दार लॉक करतो. मला जानेवारीत बाल्कनीत ठेवलं होतं. आणि आतून बघत बसला होता, यार." रवींद्रांनी ते तारखेसकट टिपून घेतलं आणि रिपोर्टमध्ये गाळलं. हॉल बुक झाला होता, पुण्याच्या पाहुण्यांची तिकिटं निघाली होती. रूममेटची भांडणं कुठे होत नाहीत? आणि ठरलेलं लग्न मोडल्याचा ठपका आपल्या लोकांत कुणालाच नको असतो. 'मुलगा सुस्वभावी, कुटुंब उत्तम' असं लिहून लग्नात त्यांनी दोनदा श्रीखंड वाढून घेतलं होतं.

त्यांनी गाडीला लॅपटॉप जोडला. हे काम त्यांच्या हातातलं होतं; गाडी कधी कुठे गेली, कुठलं दार उघडलं, कुठल्या सीटवर माणूस होता, याची नोंद गाडीतच राहते. ऋषीने सांगितलेल्या सकाळच्या आदल्या संध्याकाळी गाडी केबिनपासून तीन मैल जंगलात आत गेली होती. शेजारच्या सीटवर माणूस होता. गाडी थांबली, ते दार उघडलं, मिटलं, सीट रिकामी झाली. दोन मिनिटांनी गाडी वळली. बाहेर उणे बावीस अंश. त्या संध्याकाळी गाडी तिथे पुन्हा गेलीच नव्हती.

रत्नाताई हट्टाने बरोबर आल्या. शेरीफच्या गावापर्यंत सात तासांची वाट, उत्तरेकडे नेणारा लांबलचक पूल ओलांडल्यावर नुसते देवदार आणि कमरेएवढा बर्फ. शेरीफच्या ऑफिसातल्या डेप्युटी हॅन्सनबाईंनी नोंदी दोनदा वाचल्या आणि आतल्या खोलीत जाऊन ऋषीला फोन लावला.

"गोष्ट बदलली त्याने," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "म्हणतो, भांडण झालं, ती स्वतःच तशीच मोज्यांवर उतरली. चालत येईल असं वाटलं. हा निष्काळजीपणा झाला. खून म्हणायचं तर थंडीत माणसाचं काय होतं हे ठाऊक असून त्याने मुद्दाम केलं, असं दिसायला हवं. पूर्वी कुणाशी असं वागलाय?"

"बघतो," एवढंच बोलून रवींद्र उठले.

बाहेरच्या बाकावर रत्नाताई थर्मासमधला चहा ओतत होत्या. "काय म्हणाली बाई?"

रवींद्रांनी कप घेतला नाही. उभ्याउभ्याच त्यांनी कबीरचं सगळं सांगितलं. बोलताना नजर ताईंच्या बुटांवरून वर जाईना.

"कधी कळलं होतं तुम्हाला?"

"लग्नाच्या आधी. सव्वा महिना."

रत्नाताईंनी थर्मासचं झाकण लावलं. ते नीट बसेना, पुन्हा लावलं.

"लग्नात भर मांडवात शाल दिली होती मी तुम्हाला. आमच्या घरचं माणूस म्हणून. तुम्ही ती घेतलीत."

"ताई, मला..."

"माफीबिफी मागू नका. मला नकोय ती. आत चला. मला सांगितलंत तसंच तिला सांगा. मी समोर बसणार आहे."

त्या खरंच समोर बसल्या, पर्स मांडीवर धरून. रवींद्रांनी बरोबर आणलेल्या जुन्या वहीतलं टिपण वाचून दाखवलं. उद्या हे कोर्टात, मंडळाच्या माणसांदेखत वाचावं लागणार होतं. लायसन्स राहील की जाईल, कुणास ठाऊक.

हॅन्सनबाईंनी पेन थांबवलं. "हे रिपोर्टमध्ये का नव्हतं?"

हॉल, तिकिटं, पाहुणे, सगळी कारणं ओठांवर आली. समोर रत्नाताई पापणी न हलवता बघत होत्या.

"मला वाईटपणा घ्यायचा नव्हता," ते म्हणाले.

बाईंनी तेही लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे सरकवला.