डिस्चार्जचा पाचवा अर्थ

पूर्णगडात कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो भिकाजी नागवेकरांच्या पडवीत जायचा. विम्याचं पत्र असो, व्हिसाचा फॉर्म असो, नाहीतर मुंबईच्या एजंटने मोबाइलवर पाठवलेला करार, लोक म्हणायचे, "बोसनला दाखव." भिकाजी बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. शेवटची अकरा वर्षं बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. शाळा आठवीतच सुटलेली. अधिकाऱ्यांचे हुकूम ऐकत आणि जहाजावरच्या पाट्या वाचत ते इंग्रजी शिकले.

त्यांना नुसतीच मिरवायची हौस होती असंही नाही. शेजारचा ओमकार परदेशी जायला निघाला तेव्हा त्याच्या करारातल्या एका शब्दावर भिकाजींनी बोट ठेवलं होतं. व्हेसल. जहाजालाही व्हेसल म्हणतात आणि मासे मारायच्या ट्रॉलरलाही. ओमकारला वाटत होतं आपण मोठ्या जहाजावर चाललोय. भिकाजींनी विचारायला लावलं आणि निघाला ट्रॉलर. पोरगा वाचला. तेव्हापासून गावात त्यांचा शब्द शेवटचा ठरू लागला. पुढे जे झालं त्यात या मानाचाही वाटा होता, असं मला वाटतं.

गेल्या जानेवारीत मथुराकाकींच्या, म्हणजे भिकाजींच्या बायकोच्या, बेंबीजवळच्या हर्नियाचं ऑपरेशन रत्नागिरीतल्या एका खासगी दवाखान्यात झालं. आत जाळी बसवली. काकींना मधुमेह होता म्हणून डॉक्टर जरा जपून होते, पण सगळं नीट पार पडलं. गुरुवारी घरी सोडलं. निघताना काउंटरवर कार्ड मिळालं, त्यावर खाली इंग्रजीत दोन ओळी छापलेल्या. कार्ड देताना नर्स काही सांगू लागली तर भिकाजी म्हणाले, "मी वाचतो. मला येतं."

परतीच्या वाटेवर, पावस गाव मागे पडल्यावर, त्यांना गप्पांची लहर आली. रितेशची रिक्षा होती. काकी पोटावर उशी धरून बसल्या होत्या.

"डिस्चार्ज म्हंजे काय, ठाव हाय?" त्यांनी विचारलं.

"घरी सोडला ता," काकी म्हणाल्या.

"तो एक झाला. जहाजावरचा माल उतरवला, तोपण डिस्चार्ज. खलाशाची फेरी संपली की पुस्तकात शिक्का मारतात, तोपण डिस्चार्ज. आणि रितेश, तुझी बॅटरी उतरली तर?"

"डिस्चार्ज," रितेश हसून म्हणाला.

"चार अर्थ. शब्द एकच."

शनिवारी सकाळी काकींच्या पट्टीवर ओल दिसली. दुपारपर्यंत परकरालाही डाग लागला. पिवळसर, किंचित वास येणारं पाणी होतं ते. त्यांनी नवऱ्याला बोलावून पट्टीची कड उचलून दाखवली.

"ह्या बगा काय येतंय. कार्डात काय लिवलाय?"

भिकाजींनी चष्मा लावला आणि कार्ड मोठ्याने वाचलं. "इन केस ऑफ फीवर ऑर डिस्चार्ज, रिपोर्ट इमिजिएटली." मग समजावलं, "ताप आला तर कळवा, नि डिस्चार्ज झाला की कळवा. ताप तुला नाय. डिस्चार्ज झाला तेवा आपण काउंटरवर कळवलाच. पाण्याचा यात काय नाय."

बत्तीस वर्षांची सवय होती ती. खलाशी जहाजावरून डिस्चार्ज झाला की त्याने कंपनीच्या ऑफिसात रिपोर्ट करायचं असतं. ते वाक्य त्यांच्या डोक्यात आयतंच बसलेलं होतं, कार्डावरची ओळ त्यात चपखल बसली. त्यांना शंकासुद्धा आली नाही.

शेजारच्या चिमाने पट्टी पाहिली आणि ती म्हणाली, "मना बरा दिसत नाय. डॉक्टरला दाखवा."

"बुधवारी टाके काढायला जायचंच हाय," भिकाजी म्हणाले.

रविवारी मुलीचा, ऋतिकाचा, मुंबईहून फोन आला. आईने पाण्याचं सांगितल्यावर ती म्हणाली, "पप्पा, कार्डाचा फोटो पाठवा ना. माझ्या ऑफिसमधल्या एकीची बहीण डॉक्टर आहे, तिला दाखवते."

"फोटो कशाला? मी वाचलंय."

"पाठवा तरी."

"आता बापाला इंग्रजी तू शिकवणार?"

फोन आईकडे गेला. त्या दिवसात काकींनी तिसऱ्यांदा जुन्या लुगड्याची घडी पोटावर ठेवली होती, पण मुलीला त्या एवढंच म्हणाल्या, की पप्पा बगतायत.

मंगळवारी सकाळी त्या चुलीपुढे पाणी तापवायला बसल्या आणि त्यांना उठताच येईना. अंग फणफणलं होतं, दात वाजत होते. भिकाजींनी रितेशला हाक मारली. रिक्षा थेट दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी पट्टी काढली आणि त्यांचा चेहरा बदलला. "पाणी कधीपासून येतंय?"

"शनिवारपासून."

"आणि तुम्ही आज आणताय? कार्डावर स्पष्ट लिहिलंय."

"आम्ही रिपोर्ट केला होता," भिकाजी म्हणाले. "गुरुवारी. काउंटरवर."

डॉक्टरांना त्याचा अर्थ लागला नाही आणि विचारत बसायला वेळही नव्हता. काकींना आत नेलं. अक्षया नावाची तरुण नर्स भिकाजींची सही घ्यायला आली. गुरुवारी कार्ड दिलं होतं तीच. त्यांनी कार्ड पुढे केलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"यात पाण्याचं कुठे लिहिलंय?"

"हे काय, काका. डिस्चार्ज."

"तो तर गुरुवारी झाला."

तिने ओळ वाचून त्यांच्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तो नाही हो. जखमेतून पाणी, पू, जे काही येतं, त्यालापण डिस्चार्जच म्हणतात."

भिकाजींनी सही केली. नंतर अक्षयाने मला सांगितलं, की सही करताना ते आपलं नाव अर्ध्यावर विसरले होते.

आतल्या जाळीपर्यंत पू पोचला होता. ती काढावी लागली. जखम उघडीच ठेवली, रोज धुवायची. काकी आठ दिवस अतिदक्षता विभागात होत्या, त्यातले तीन त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. ऋतिका आली. तिने वडिलांना काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

गावात मात्र बातमी वेगळीच पोचली. साधं ऑपरेशन आणि बाई मरणाच्या दारात, म्हणजे डॉक्टरने घोळ घातला. भिकाजींचा पुतण्या निलेश पावस गावात दुकान चालवतो. दवाखान्यात येऊन त्याने काकाला विचारलं, "पहिल्या ऑपरेशनातच चुकी केली ना त्यांनी?" भिकाजी खाली बघत राहिले. निलेशने त्याचा अर्थ हो असा घेतला. भिकाजींना ते कळलं होतं. त्या वेळी बोलायला हवं होतं, असं त्यांनी नंतर माझ्याकडे कबूल केलं. पण जीभ उचलली नाही. थोडा आधारही वाटला, म्हणाले, की दोष दुसरीकडे चाललाय.

दोन दिवसांनी दुपारी अकरा-बारा माणसं दवाखान्यात आली. पुढे निलेश. मीही होतो, गावातल्यांनी बोलावलं म्हणून गेलो होतो. काउंटरवर अक्षया एकटी होती. निलेशने फायलीवर हात आपटला. "डॉक्टरला बाहेर बोलव. घरी सोडताना काय सांगितलं होतं आमच्या माणसाला? बोल." एकाने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरून चित्रण सुरू केलं. ती भिंतीपर्यंत मागे सरकली.

भिकाजी वरच्या मजल्यावरून आले. त्यांनी मोबाइलवाल्याचा हात खाली केला.

"तिने कार्ड दिलं होतं. ती सांगतही होती. मी ऐकलं नाय."

"काका, तुमी गप राहा. यातलं तुमाला काय कळतंय?"

"नाय कळलं. तेच सांगतोय." त्यांनी खिशातून कार्ड काढलं, ओळ वाचली, आणि त्या दिवशी आपण तिचा काय अर्थ लावला तो सगळ्यांसमोर सांगितला. शब्दाशब्दाला थांबत होते. "शनिवारी आणली असती तर जाळी वाचली असती. चूक डॉक्टरची नाय, या पोरीची नाय. माझी हाय."

निलेश म्हणाला, "हे आधी सांगायचं," आणि बाहेर पडला. त्याच्या मागून एकेक जण गेला. मलाही तिथे थांबवेना.

त्याच संध्याकाळी त्यांनी काकींना सांगितलं. त्यांना नुकतं साध्या खोलीत आणलं होतं. ऋतिका उशाशी बसली होती. शब्दाचे अर्थ, जहाजावरची सवय, सगळं त्यांनी मांडलं. काकींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मना इंग्रजी येत नाय," त्या म्हणाल्या. "पन मी तुमाला पोट दाखवला होता. तुमी कार्ड वाचीत बसलात."

ऋतिका उठून व्हरांड्यात गेली.

सत्तावीस दिवसांनी काकी घरी आल्या. जखम भरायला उन्हाळा उजाडला. पोटाला पट्टा आहे. हंडा उचलता येत नाही, खाली बसून मासे कापता येत नाहीत. पुन्हा जाळी बसवायची की नाही ते साखरेवर अवलंबून आहे. घरातलं पाणी आता भिकाजी भरतात, मासेही तेच साफ करतात. ऋतिका रोज फोन करते, आईला.

पडवीत कागद घेऊन अजून माणसं येतात, आधीपेक्षा कमी. भिकाजी वाचतात आणि म्हणतात, "मना असं वाटतंय. पन ज्याने लिवलाय त्याला फोन करून विचार." काहींना हे आवडत नाही. असंच विचारायचं तर बोसनकडे कशाला यायचं, असं कुणी बोलल्याचं त्यांच्या कानावर आलंय.

दर महिन्याला काकींना तपासायला न्यावं लागतं. मागच्या खेपेला मी बरोबर होतो. नाव पुकारल्यावर भिकाजी उठले तेव्हा काकी म्हणाल्या, "तुमी बसा. चिमा येतेय माझ्यासंगती." दोघी आत गेल्या, दार लागलं. भिकाजी बाकावर पुन्हा बसले. वीसेक मिनिटांनी त्या बाहेर आल्या. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"सांगते घरी गेल्यावर," चिमाच म्हणाली, आणि काकींचा हात धरून पायऱ्या उतरू लागली.